काढलेलं इंजिन, उरलेली गाडी : रोटरी मोटारींतल्या इंजिनबदलाबद्दल

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

विषय वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. इंजिन बदलण्यात समीक्षा करण्यासारखं काय आहे? एक गेलं, दुसरं बसवलं, गाडी चालू झाली, विषय मिटला. आपल्याकडे पेट्रोलच्या जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवणारे मिस्त्री गावोगाव होऊन गेले, त्यांनी कधी त्यावर व्याख्यान दिलं नाही. बरोबर आहे. पण जीपचं वेगळं. जीप कामाभोवती बांधलेली गाडी. ओझं न्यायचं, चढ चढायचा, मग ते पेट्रोलवर झालं काय न् डिझेलवर झालं काय. आज आम्ही ज्या गाड्यांबद्दल बोलणार आहोत त्या एका विशिष्ट इंजिनाभोवती आखल्या गेल्या. बॉनेट किती खाली घ्यायचं, गिअरबॉक्स कसला द्यायचा, वजन कुठे ठेवायचं, हे सगळं त्या इंजिनानं ठरवलं. आणि पुढे नेमकं तेच इंजिन उतरवून ठेवलं गेलं. मग जी उरली ती गाडी कोणती?

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत कुणाला ताटकळायला नको. ‘रोटरी भरवशाची नव्हती म्हणून काढली’ हे वाक्य बहुतेक वेळा अर्धंच खरं असतं. इंजिनाचा भरवसा एकट्या इंजिनात नसतो. तो चालवणाऱ्यात असतो, गल्लीतल्या गॅरेजात असतो, कंपनीच्या धीरात असतो. इंजिनबदल म्हणजे यांतल्या कुणीतरी हात टेकल्याची पावती. ती पावती नीट वाचली तर दोष कुणाचा ते कळतं, आणि पुष्कळदा तो इंजिनाचा निघत नाही. काही वेळा निघतोही, तेही सांगू.

ज्यांना रोटरी माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतो आणि क्रँक त्या वरखालीचं गोल फिरणं करतो. रोटरीत वरखाली काही नाहीच. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, समोसा म्हणा हवं तर, मधे किंचित आवळलेल्या लंबगोल हाउसिंगमध्ये फिरत राहतो. त्याच्या तिन्ही बाजूंवर पाळीपाळीनं हवा-पेट्रोल आत येणं, दाबलं जाणं, पेटणं आणि धूर बाहेर जाणं चालू असतं. रोटरचा एक फेरा होईपर्यंत मधला शाफ्ट तीनदा फिरतो. वॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, रॉड नाहीत. त्यामुळे इंजिन लहान, हलकं, आणि चालताना इतकं गुळगुळीत की बंद आहे की चालू, हे कळू नये.

आता यातली गोम. पिस्टनवर ज्या रिंगा असतात त्यांचं काम इथे त्रिकोणाच्या तीन टोकांवर बसवलेल्या तीन पट्ट्या करतात. त्यांना एपेक्स सील म्हणतात. जोवर इंजिन फिरतंय तोवर या पट्ट्या हाउसिंगला घासत असतात. त्यांना तेल मिळावं म्हणून पंप मोजून मोजून थोडं तेल आतच सोडतो आणि ते जळून जातं. म्हणजे रोटरी तेल ‘खाते’ ही तक्रार नव्हे, ती तिची रचना आहे. ज्यांनी टू-स्ट्रोक स्कूटर वापरली, पेट्रोल पंपावर टू-टी ऑइल घालून घेतलं, त्यांना यात नवल वाटणार नाही. आजही कित्येक रोटरीवाले तसंच थोडं तेल पेट्रोलच्या टाकीत मिसळतात. पण १९६७ साली महागडी सेडान घेणाऱ्या जर्मन डॉक्टरला कुणी ‘दर आठवड्याला तेल बघा’ म्हटलं असतं तर त्यानं काय उत्तर दिलं असतं?

दुसरी गोम उष्णतेची. पिस्टनच्या इंजिनात ज्या जागी स्फोट होतो त्याच जागी पुढच्या क्षणी थंड हवा-पेट्रोल येतं, त्यामुळे ती जागा आळीपाळीनं तापते, निवते. रोटरीत पेटायची जागा कायम एका बाजूला आणि हवा आत यायची जागा कायम दुसऱ्या बाजूला. एक बाजू सतत भाजतेय, दुसरी सतत गार. एकावर एक रचून लांब बोल्टांनी आवळलेल्या थाळ्यांसारखं हे इंजिन असतं, मधे रबरी रिंगा. पाणी कमी झालं, इंजिन एकदा तापलं, की हाउसिंग वाकतं, रिंगा जातात, पाणी आत शिरतं. पिस्टनचं इंजिन एखादा ताप सोसून जातं, हेडचं गास्केट बदलून भागतं. रोटरी तसं सोसत नाही. हा दोष आहे आणि तो रोटरीचाच आहे. भक्तमंडळी हे मान्य करत नाहीत, म्हणून मुद्दाम म्हणतो.

फेलिक्स वांकेल हे या कल्पनेचे जनक. गंमत म्हणजे त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती आणि मोटार चालवायचा परवानाही नव्हता. त्यांचं पहिलं इंजिन जर्मनीतल्या एनएसयू कंपनीत १ फेब्रुवारी १९५७ रोजी फिरलं. त्यात आतला रोटर फिरायचा आणि बाहेरचं हाउसिंगही फिरायचं. कल्पना फार शुद्ध, पण स्पार्क प्लग बदलायचा तर इंजिन उघडावं लागे. एनएसयूचे हान्स डिटर पाश्के यांनी बाहेरचं हाउसिंग स्थिर केलं आणि इंजिन वापरण्याजोगं झालं. वांकेल खूश नव्हते. माझ्या शर्यतीच्या घोड्याला तुम्ही नांगराला जुंपलंत, अशा अर्थाचं ते बोलल्याचं प्रसिद्ध आहे. म्हणजे शुद्ध काय आणि चालण्यासारखं काय हा वाद या इंजिनाच्या जन्माबरोबरच सुरू झाला. आजचा इंजिनबदलाचा वाद त्याचंच पुढचं प्रकरण.

आता मुख्य गाडीकडे येऊ. एनएसयू आरओ ८०. आमचा बराच वेळ हिच्यावर जाणार आहे, कारण हिच्यात सगळं आहे.

१९६७ च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती आली. आजही तिचा फोटो पाहिलात तर साठच्या दशकातली आहे असं वाटणार नाही. क्लाउस लुथे यांनी आखलेलं अंग, खाली उतरत गेलेलं नाक, मोठाल्या काचा, उंच शेपूट. पुढच्या चाकांना ताकद, चारही चाकांना डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग. इंजिन दोन रोटरचं, एक लिटरलाही पाच सीसी कमी, आणि ताकद ११५ अश्वशक्ती. १९६८ ची युरोपातली ‘कार ऑफ द इयर’ ती ठरली.

त्या नाकाकडे जरा बघा. ते इतकं खाली का येऊ शकलं? इंजिन बुटकं म्हणून. ते पुढच्या चाकांच्याही पुढे ठेवलं तरी गाडी नाकावर का पडत नाही? इंजिन आखूड आणि हलकं म्हणून. गिअरबॉक्स बघा. तीन गिअर, टॉर्क कन्व्हर्टर, क्लचचं पेडल नाही. गिअरच्या दांड्याच्या मुठीला हात लागला की क्लच आपोआप सुटायचा. ही चैन नव्हती. एनएसयूच्या रोटरीत हवा हाउसिंगच्या घेरातून आत यायची. वरच्या फेऱ्यांना ते उत्तम, पण हळू चालवताना इंजिन आचके द्यायचं. ते आचके चालकाला जाणवू नयेत म्हणून मधे टॉर्क कन्व्हर्टर घातला. म्हणजे गिअरबॉक्ससुद्धा इंजिनाचा दोष झाकायला आणि गुण दाखवायला निवडलेला. एका हातानं लिहिलेला मजकूर असावा तशी ही गाडी आहे, कुठलंही वाक्य काढून दुसरं घातलं की जोड दिसतो.

आणि मग इंजिनं जायला लागली. काही गाड्यांची तर पन्नास हजार किलोमीटरच्या आतच. सील तीन तुकड्यांचं होतं, तिन्ही तुकडे एकाच धातूचे. थंड इंजिन चालू करताना मधला तुकडा बाकीच्या दोघांपेक्षा लवकर झिजे, मग बाजूचे दोन सैल होत आणि दाब निसटे. त्यात भर म्हणजे इंजिन इतकं शांत की किती फेऱ्यांवर फिरतंय ते कानाला कळत नसे. पिस्टनचं इंजिन ओरडून सांगतं, ‘बास कर’. हे सांगतच नव्हतं. पुढे कंपनीला इशाऱ्याचा बझर बसवावा लागला. गुळगुळीतपणा हा गुण, आणि त्याच गुणानं घात केला.

कंपनीनं वॉरंटीत इंजिनं बदलून दिली, सढळ हातानं दिली. जर्मनीच्या रस्त्यांवर दोन आरओ ८० समोरासमोर आल्या की चालक एकमेकांना बोटं दाखवत, आतापर्यंत किती इंजिनं बदलली त्याची, असा किस्सा सांगतात. (हशा) हसू येतं, पण एनएसयू ही मोटारसायकली आणि छोट्या प्रिन्झ गाड्या बनवणारी कंपनी होती. तिला हे झेपणारं नव्हतं. १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या छत्राखाली ती ऑडीत विलीन झाली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सीलचा दोष कंपनीनं शोधला आणि दुरुस्त केला. मधल्या तुकड्याचा धातू बदलला, दुखणं गेलं. १९७० च्या सुमारास गाडी बरीचशी सुधारली होती. तरी ती १९७७ पर्यंतच टिकली आणि दहा वर्षांत मिळून ३७ हजारांच्या आसपासच बनली. दरम्यान १९७३ चं तेलसंकट आलं आणि रोटरीचं अ‍ॅव्हरेज आधीच वाईट. पण पेट्रोलपेक्षाही जास्त नडली ती गेलेली अब्रू. एकदा का गाडीचं नाव खराब झालं की सुधारलेल्या गाडीलाही जुनाच शिक्का लागतो. सेकंडहँड बाजारात आरओ ८० मातीमोल झाली. आणि इथून इंजिनबदल सुरू होतो.

इंग्लंडमध्ये कित्येक आरओ ८० गाड्यांत फोर्डचं एसेक्स व्ही-४ इंजिन बसवलं गेलं. का? कारण ते आखूड होतं. त्या नाकात, चाकांच्या पुढच्या तेवढ्याशा जागेत, सरळ रांगेतलं चार सिलिंडरचं इंजिन मावणं अवघड. व्ही-४ मावायचं. स्वस्त होतं, फोर्डच्या कॉर्सेअर गाडीत होतं, ट्रान्झिट व्हॅनमध्ये होतं, कुठल्याही भंगारवाल्याकडे मिळायचं आणि कुठलाही मेकॅनिक ते उघडून बांधू शकायचा.

आता यातला विनोद बघा. व्ही-४ हे जात्याच थरथरणारं इंजिन. ती थरथर आवरायला आत वेगळा बॅलन्स शाफ्ट घालावा लागतो. म्हणजे जगातल्या सगळ्यांत गुळगुळीत इंजिनाच्या जागी सगळ्यांत खडबडीत म्हणावं असं एक इंजिन बसलं. ताकद कमी झाली. टॉर्क कन्व्हर्टर ज्या आचक्यांसाठी होता ते आचके गेले आणि ज्यांच्यासाठी तो नव्हता ते हादरे आले. गाडीचं अंग आठवं दशक गाठेल असं, आणि पुढून आवाज सामान भरलेल्या व्हॅनचा.

समीक्षा म्हणून बघाल तर हा बदल नापास. आमच्या मते आरओ ८० मध्ये व्ही-४ घातल्यावर ती आरओ ८० उरत नाही, तिचा नुसता पोशाख उरतो. पण एवढ्यावर थांबलो तर अन्याय होईल. त्या काळी पर्याय काय होता? नवं इंजिन परवडणारं नाही, जुनं बांधून देणारा माणूस शंभर मैलांत नाही, आणि गाडीची किंमत दुरुस्तीच्या खर्चाहून कमी. अशी गाडी सरळ भंगारात जाते. पत्रा कापला जातो, काचा फुटतात. व्ही-४ नं निदान पत्रा वाचवला. पुढे ज्यांना रोटरी परत बसवायची होती त्यांच्या हाताला गाडी लागली ती त्यामुळेच. पडकं देऊळ वाचवायला कुणी त्यावर सिमेंटचा पत्रा टाकावा, तसं. दिसायला वाईट, पण पावसाळा निभावला.

काहींनी आरओ ८० मध्ये माझदाची रोटरी बसवली. आमच्या दृष्टीनं हा त्याहून फार सरस उपाय. धर्म तोच, फक्त दुसऱ्या घराण्यातला. पण यातून एक बोचरा प्रश्न उभा राहतो. जे इंजिन जर्मनीत फसलं त्याच जातीचं इंजिन जपानमधून आणून भरवशासाठी बसवावं लागतं. मग चुकलं कुठे?

माझदा म्हटलं की आपल्याकडे स्वराज माझदाचा टेम्पो आठवतो, पण तेव्हाची हिरोशिमाची ही कंपनी, टोयो कोग्यो, रोटरीसाठी अक्षरशः झपाटलेली होती. एनएसयूकडून तिनं परवाना घेतला, आणि सोबत एनएसयूच्या अडचणीही आल्या. हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर ओरखड्यांची रांग उमटायची, कुणीतरी नखांनी ओरबाडल्यासारखी. तिथले लोक त्यांना सैतानाची नखं म्हणत. केनइची यामामोटो यांच्या हाताखाली १९६३ मध्ये रोटरीचा वेगळा विभाग झाला, ४७ इंजिनिअर. त्यांच्या लक्षात आलं की सील फिरता फिरता कंप पावतंय आणि त्या कंपानं भिंत ओरबाडली जातेय. सीलला आडवी-उभी भोकं पाडून कंप मोडून बघितला. अखेर कार्बनमध्ये अ‍ॅल्युमिनियम मुरवलेलं सील केलं आणि ते उत्पादनाच्या गाडीत घातलं. शिवाय हवा घेराऐवजी बाजूच्या थाळीतून आत घेतली, म्हणजे हळू चालवतानाचे आचके मुळातच कमी झाले. एनएसयूनं जे गिअरबॉक्सनं झाकलं ते यांनी इंजिनातच सोडवलं.

माझदाची कॉस्मो स्पोर्ट ३० मे १९६७ ला विक्रीला आली. आरओ ८० त्याच वर्षी, चार महिन्यांनी. वर्ष एकच, परवाना एकाच झाडाचा. फरक असा की माझदानं प्रश्न कारखान्यात सोडवून गाडी विकली, आणि एनएसयूनं गाडी विकून प्रश्न गिऱ्हाइकाच्या अंगणात सोडवले. पुढच्या वर्षी नुर्बुर्गरिंगवरच्या ८४ तासांच्या शर्यतीत माझदानं दोन कॉस्मो उतरवल्या. एक चौथी आली. दुसरी ८२ व्या तासाला बाद झाली, तीही इंजिनानं नव्हे, ॲक्सलनं.

१९९१ ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत सगळ्यांना ठाऊक आहे. माझदा ७८७बी, चार रोटर, पहिला नंबर. रोटरीवाले हे उदाहरण देता देता थकत नाहीत. पण ते उदाहरण जे सिद्ध करतं ते वेगळंच आहे. चोवीस तास एकसारख्या फेऱ्यांवर, गरम तेलात, डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या माणसांच्या देखरेखीखाली चालवली तर रोटरी दमत नाही. तिला नको असतं ते आपलं रोजचं चालवणं. सकाळी चालू केली, दारातून गेटपर्यंत आणली, बंद केली. एवढ्यानं आत पेट्रोल साचतं, भिंतीवरचं तेल धुतलं जातं, दाब बसत नाही, आणि दुपारी गाडी चालूच होत नाही. मालक म्हणतो, इंजिन गेलं! गेलेलं नसतं, भिजलेलं असतं.

आता आजच्या वादाकडे. आरएक्स-७, तिसरी पिढी, १९९१ ते २००२. तेराशे सीसीचं १३बी इंजिन, एकामागून एक जागे होणारे दोन टर्बो. दिसायला इतकी देखणी गाडी जपाननं क्वचित केली असेल. आणि हिच्यात अमेरिकेतले लोक सर्रास जनरल मोटर्सचं एलएस मालिकेतलं व्ही-८ बसवतात. इतकं, की त्यासाठी तयार माउंट, तयार किट बाजारात मिळतात. ‘सगळ्या जगात एलएस घाला’ अशी त्या मंडळींची घोषणाच आहे.

रोटरीवाले यावर नाक मुरडतात, त्यांचं एक म्हणणं आम्हाला मान्य नाही. ते म्हणतात की व्ही-८ नं गाडीचा तोल बिघडतो. एलएस१ हे अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकचं इंजिन आहे, कॅमशाफ्ट हेडवर नसून ब्लॉकच्या पोटात आहे, त्यामुळे ते आकारानं आटोपशीर आणि बुटकं आहे. टर्बो, इंटरकूलर, त्यांच्या नळ्या हे सगळं निघाल्यावर वजनातला फरक फार मोठा राहत नाही. नीट बसवलेली एलएसवाली आरएक्स-७ वळणावर वाईट चालते असं म्हणणं हा नुसता राग आहे. आरओ ८० तल्या व्ही-४ शी तिची तुलनाच करू नये. हा बदल यांत्रिकदृष्ट्या हुशारीचा आहे.

मग आमची हरकत कशाला? हरकत कारणमीमांसेला आहे. या गाडीची इंजिनं कशानं जात होती ते बघा. अमेरिकेत विकलेल्या सुरुवातीच्या गाड्यांत कूलंटमधली हवा वेगळी करणारी एक छोटी टाकी होती, प्लॅस्टिकची. टर्बोच्या आचेनं ती कालांतरानं चिरते, पाणी गळतं, इंजिन तापतं, आणि तापलेल्या रोटरीचं काय होतं ते आधी सांगितलंच. टर्बोंना हुकूम देणाऱ्या व्हॅक्यूमच्या रबरी नळ्यांचं जाळं बॉनेटखाली असतं, उंदराचं घरटं म्हणतात त्याला. त्यातली एखादी कडक होऊन सुटली की टर्बोचा दाब चुकतो. मालक जास्त ताकदीसाठी दाब वाढवतो, पेट्रोल तेवढं वाढवत नाही, अवेळी स्फोट होतो, सील तुटतं, आणि त्याचा तुकडा बाहेर पडताना टर्बोचंही पातं घेऊन जातो. आता मोजा. टाकी प्लॅस्टिकची, नळी रबराची, हाव माणसाची. आणि शिक्का बसला रोटरवर.

व्ही-८ बसवल्यावर हे सगळं सुटतं, कारण ते सगळंच उतरवून ठेवलेलं असतं. ज्या मालकानं नवा रेडिएटर, नव्या नळ्या, नवं वायरिंग व्ही-८ सोबत घातलं, त्यानं तेवढंच रोटरीसाठी केलं असतं तर? हा प्रश्न इंजिनबदलाच्या कौतुकात कुणी विचारत नाही. जुनाट, दुर्लक्षित रोटरीची तुलना सगळं नवं घातलेल्या व्ही-८ शी होते, आणि निकाल आधीच ठरलेला असतो. घरातल्या आजारी माणसाची शेजारच्या नवरदेवाशी तुलना करावी तशी.

याच्या उलटा एक पुरावा आहे आणि आम्हाला तो सगळ्यांत बोलका वाटतो. प्वेर्तो रिकोत जुन्या टोयोटा कोरोला, स्टारलेटसारख्या छोट्या गाड्यांतून त्यांची मूळ पिस्टनची इंजिनं काढून माझदाची १३बी बसवायची मोठी परंपरा आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्येही रोटरीचे असे चाहते आहेत. एका देशात जे इंजिन भरवसा नाही म्हणून काढतात, तेच दुसऱ्या देशात हौसेनं घालतात. लोखंड तेच, सील तेच. बदललं काय? तिथे ते उघडून बांधणारी माणसं आहेत, हाउसिंग कुणाकडे मिळेल ते ठाऊक आहे, मुलगा बापाच्या गॅरेजात रोटर हाताळत मोठा होतो. आपल्याकडे बुलेटच्या जुन्या इंजिनाचं असंच होतं. जिथे हात होता तिथे ती कधी बंद पडली नाही, आणि जिथे हात नव्हता तिथे ती कधी चालू झाली नाही.

दोन-तीन गाड्यांचा नुसता उल्लेख करतो. मर्सिडीजनं १९६९ मध्ये सी-१११ ही प्रयोगाची गाडी रोटरी घालून केली, पुढे तुलनेसाठी तिच्यात स्वतःच व्ही-८ बसवून पाहिलं, आणि १९७६ मध्ये पाच सिलिंडरचं टर्बो डिझेल घालून तिनं नार्दोच्या ट्रॅकवर विक्रम केले. म्हणजे इंजिनबदल कारखान्यानंच केला, पण गाडीच मुळात प्रयोगशाळा, तिथे तो शोभला. अमेरिकेची एएमसी पेसर ही गाडी जनरल मोटर्सच्या रोटरीच्या भरवशावर आखली गेली, आणि जनरल मोटर्सनं रोटरीच गुंडाळून ठेवली. मग त्या आखूड नाकात सहा सिलिंडरचं लांबलचक इंजिन कोंबावं लागलं, त्याचा मागचा भाग पुढच्या काचेच्या खाली गेला. जन्माआधीच इंजिन बदललेली गाडी कशी दिसते हे बघायचं असेल तर पेसर बघा. आणि सिट्रोएन. जीएस बिरोटोर ही त्यांची दोन रोटरची गाडी नेमकी तेलसंकटाच्या तोंडावर आली, ८४७ बनल्या, आणि मग कंपनीनं त्या परत विकत घेऊन मोडून टाकायला सुरुवात केली. सुटे भाग पुरवत बसायला नको म्हणून. एनएसयूनं निदान इंजिनं बदलून दिली. सिट्रोएननं गाडीच पुसायला घेतली. फोर्डचं व्ही-४ यापुढे आम्हाला पुण्यवान वाटायला लागतं.

वेळ होत आला. दोन प्रश्न चिठ्ठ्यांवर आलेत, ते घेतो.

पहिला प्रश्न, जुनी रोटरी गाडी परदेशात विकत घ्यायचा विचार आहे, काय बघायचं? कॉम्प्रेशन. पण साधा पिस्टनचा गेज लावून समाधान मानू नका. तो फक्त सगळ्यांत मोठा आकडा धरून ठेवतो. रोटरला तीन बाजू आहेत, तिन्हींचा दाब वेगवेगळा दिसला पाहिजे. त्यासाठी रोटरीचा खास टेस्टर लागतो. तो नसेल तर गेजमधला दाब धरून ठेवणारा वॉल्व्ह काढून काटा बघा. प्रत्येक रोटरवर तीन सारख्या उड्या दिसायला हव्यात. उड्या लहानमोठ्या दिसल्या तर एखादं सील गेलंय, विकणारा कितीही गोड बोलो. आणि हे इंजिन गरम असताना करा. गाडी थंडीत झटकन चालू झाली यावर विश्वास ठेवू नका. गरम झाल्यावर बंद करा आणि पुन्हा चालू होते का बघा. थकलेली रोटरी तिथे पकडली जाते.

दुसरा प्रश्न जरा आमच्यावरच रोखलेला आहे. ‘हाउसिंग वाकलंय, नवं परवडत नाही, गाडी पाच वर्षं अंगणात उभी आहे. तुमच्या समीक्षेनं ती चालणार आहे का?’ नाही चालणार. बसवा दुसरं इंजिन. माझदानं आरएक्स-७ चे काही सुटे भाग पुन्हा बनवायला घेतलेत, तेव्हा आधी तिकडे एकदा विचारा. नाहीच जमलं तर खुशाल व्ही-८ घाला. फक्त काही गोष्टी सांभाळा. माउंट बोल्टनं बसवा, गाडीचा क्रॉसमेंबर कापू नका. फायरवॉलला नवी भोकं पाडण्याआधी जुन्या भोकांतून वायर जाते का बघा. काढलेला ईसीयू आणि वायरिंगचा गुच्छ फेकू नका, चिठ्ठ्या लावून खोक्यात ठेवा, कारण परत बसवताना इंजिनाआधी त्यांच्यापाशीच अडतं. हाउसिंगच्या आतल्या भिंतीला तेल चोळा, रोटर वेगळे गुंडाळा, आणि इंजिनाचा नंबर गाडीच्या कागदांबरोबर लिहून ठेवा. खोकं ओलीला ठेवू नका. माळ्यावर ठेवा.